आखाजीची गाणी

आखाजीची गाणी ही खान्देशातील, मुख्यतः जळगाव, धुळे व नंदुरबार जिल्ह्यांतील, स्त्रियांची लोकगीते आहेत. वैशाख शुद्ध तृतीयेला, म्हणजेच अक्षय्य तृतीयेला, अहिराणीत ‘आखाजी’ म्हणतात. हा सासुरवाशिणींचा माहेरचा सण असल्याने झोक्यावर, फेर धरताना व गौराईपुढे ही गाणी म्हटली जातात. भावाची ओढ, माहेरची मोकळीक आणि ती संपल्याची हुरहुर हे त्यांतील मुख्य विषय होत.

पार्श्वभूमी

आखाजीला पितरांच्या नावाने मातीची घागर भरून तिच्यावर डांगर (खरबूज) ठेवतात. पुरणपोळी व आमरसाचा नैवेद्य असतो. शेतीचे वर्षही याच दिवशी बदलते. सालदाराचा करार आखाजी ते आखाजी असा असे. त्यामुळे गड्यामाणसांनाही या दिवशी उसंत मिळते. पुरुष पत्ते खेळतात, झाडांना झोके बांधले जातात. गेलेल्यांचे स्मरण आणि झोक्यावरचे हसणे एकाच दिवशी, एकाच घरात चालते, हे ध्यानात घेतल्याशिवाय या गाण्यांचा सूर नीट कळत नाही.

आशय

चैत्रात बसवलेली गौराई म्हणजे माहेरी आलेली पार्वती. तिचे कौतुक, शंकराची थट्टा आणि तिची पाठवणी हे गाण्यांचे ठरलेले प्रसंग आहेत. गाणारी स्वतःही माहेरवाशीण असल्याने देवीची कथा व तिची कथा वेगळी राहत नाही.

भावाचे स्थान मात्र केवळ मायेचे नाही. तो मुराळी होऊन न्यायला आला, तरच सुनेला सासरचा उंबरा ओलांडता येई. झोक्यावरचे तिचे स्वातंत्र्य असे भावाच्या येण्यावर अवलंबून होते आणि परतीचा दिवस त्याला जोडलेलाच होता. एका प्रसिद्ध अहिराणी गाण्यात झोके घेणाऱ्या कैरीपासून सुरुवात होते. ती तुटते, पाणी वाहू लागते, पाण्याकाठी बाजार भरतो आणि मुलगी आईला विनवते की माझ्यासाठी बांगड्या घेऊन भावाच्या हाती दे. वरवर हे बालगीत वाटते. प्रत्यक्षात दूर दिलेल्या लेकीचा माहेराशी उरलेला धागा त्यात आहे. ज्या बाईला भाऊ नाही, तिला हे गाणे कसे ऐकू येत असेल, याचा विचार अभ्यासकाने अवश्य करावा.

गौराईच्या विसर्जनानंतर लेकी सासरी परततात आणि झोके सोडले जातात.

भाषा

बहुतेक गाणी अहिराणीत आहेत. तीत ‘ळ’च्या जागी बहुधा ‘य’ येतो (डोळा–डोया, काळा–काया) व ‘आहे’साठी ‘शे’ हे रूप आहे. प्रमाण मराठीत ‘शुद्ध’ करून लिहिल्यास यमके व ताल दोन्ही बिघडतात. म्हणून ती उच्चाराप्रमाणेच नोंदवणे इष्ट.

साहित्यातील पडसाद

जळगावजवळील असोदे येथे जन्मलेल्या बहिणाबाई चौधरी (1880–1951) यांची ‘आखजी’ ही कविता याच परंपरेतून आली आहे. ‘बहिणाबाईंची गाणी’ हा त्यांचा संग्रह 1952 मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर, प्रसिद्ध झाला. त्यांची भाषा लेवा गणबोली आहे. तिला सरसकट अहिराणी म्हणण्याची चूक पुष्कळदा होते. झोका, फुगडी, सख्यांचा मेळा असे सणाचे वर्णन करत ही कविता सण सरल्यानंतरच्या हुरहुरीपाशी येऊन थांबते.