देशमुख, विलासराव दगडोजीराव
(२६ मे १९४५ – १४ ऑगस्ट २०१२). महाराष्ट्राचे माजी मुख्यमंत्री व काँग्रेसचे नेते. लातूरजवळच्या बाभळगावचे सरपंच म्हणून त्यांनी राजकारणाला सुरुवात केली. १९८०, १९८५ आणि १९९० अशा सलग तीन निवडणुकांत ते लातूरमधून विधानसभेवर गेले. घरचाच समजला जाणारा हा मतदारसंघ १९९५ मध्ये निसटला. जनता दलाच्या शिवाजीराव पाटील कव्हेकर यांनी त्यांना सुमारे ३५ हजार मतांनी हरवले. पुढच्याच वर्षी ते विधान परिषदेसाठी पक्षाबाहेरून उभे राहिले आणि अर्ध्या मताने पडले. पसंतीक्रमाच्या मतमोजणीतच घडू शकणारा हा पराभव त्यांच्या कारकिर्दीतला सर्वांत विलक्षण म्हणावा लागेल. १९९९ मध्ये पक्षात परतून ते मोठ्या मताधिक्याने निवडून आले व मुख्यमंत्री झाले; जानेवारी २००३ मध्ये सुशीलकुमार शिंदे यांनी त्यांची जागा घेतली. २००४ मध्ये पुन्हा आमदार आणि मुख्यमंत्री. २६ नोव्हेंबर २००८ च्या मुंबई हल्ल्यानंतर त्यांनी राजीनामा दिला. त्यानंतर नांदेडचे अशोक चव्हाण मुख्यमंत्री झाले, म्हणजे पद मराठवाड्यातच राहिले. पुढे राज्यसभा व केंद्रीय मंत्रिपद. २००९ पासून लातूरचे शहर आणि ग्रामीण असे दोन मतदारसंघ झाले. शहरातून त्यांचे पुत्र अमित निवडून आले.