रून लिपी आणि कौल : साधनांची एक तपासणी

उत्तर युरोपातील जर्मानिक लोकांची प्राचीन लिपी रून या नावाने ओळखली जाते. तिची अक्षरे कोरलेले तुकडे टाकून भविष्य पाहण्याची प्रथा त्या लोकांत प्राचीन काळापासून चालत आली, असा समज आज रूढ आहे. ज्या साधनांवर हा समज आधारलेला आहे, त्यांचे परीक्षण करणे म्हणूनच अगत्याचे ठरते.

यांपैकी प्रमुख साधन म्हणजे रोमन इतिहासकार टॅसिटस याचा इ. स. ९८ मधील ‘जर्मेनिया’ हा ग्रंथ. त्याच्या दहाव्या प्रकरणात जर्मन लोकांच्या कौल लावण्याच्या रीतीचे वर्णन आले आहे. फळझाडाची फांदी तोडून तिचे तुकडे करीत, त्यांवर काही खुणा करून ते शुभ्र वस्त्रावर वाटेल तसे विखरून टाकीत. प्रश्न सार्वजनिक असल्यास पुरोहित, खाजगी असल्यास कुटुंबप्रमुख देवांची प्रार्थना करून आकाशाकडे दृष्टी लावून तीन तुकडे उचली व खुणांवरून अर्थ सांगे. टॅसिटसने योजिलेला लॅटिन शब्द ‘खूण’ एवढ्याच अर्थाचा आहे. त्या खुणा म्हणजे अक्षरे होती, असे त्याने कोठेही म्हटलेले नाही.

या खुणा रून-अक्षरेच असल्या पाहिजेत, असे अनुमान अनेकांनी केले. डेन्मार्कमधील व्हिमोस येथे सापडलेल्या, सुमारे इ. स. १६० मधील फणीवरील लेख हा दीर्घकाळ सर्वांत जुना रून-लेख मानला जात असे. नॉर्वेतील स्विंगेरूड येथील, २०२३ मध्ये जाहीर झालेला कोरीव दगड त्याहूनही प्राचीन असण्याचा संभव आहे. त्यामुळे केवळ कालक्रमाच्या आधारे हे अनुमान खोडून काढता येत नाही. तथापि, एखादी गोष्ट शक्य असणे आणि ती सिद्ध होणे यांत मोठे अंतर आहे.

पुढील काळातील साधनेही या अनुमानास दुजोरा देत नाहीत. रिंबर्टने नवव्या शतकात लिहिलेल्या आन्सगारच्या चरित्रात स्वीडनमधील बिर्का येथे कौल लावल्याचे उल्लेख आहेत. त्यांत रून-अक्षरांचा निर्देश नाही. प्रत्यक्ष कोरीव लेखांत मालकांची व मृतांची नावे, स्मारके, शाप आणि प्रार्थना आढळतात. नॉर्वेतील बर्गेन येथे १९५५ च्या आगीनंतर झालेल्या उत्खननात सहाशेहून अधिक मध्ययुगीन लेख मिळाले. त्यांत व्यापाऱ्यांच्या मालावरील चिठ्ठ्या आहेत, पत्रे आहेत, प्रेमाचे संदेशही आहेत.

याचा अर्थ या लिपीभोवती गूढतेचे वलय नव्हते, असा मात्र नव्हे. ‘रून’ या शब्दाशी ‘रहस्य’ हा अर्थ निगडित आहे. ‘एगिलची सागा’ या आइसलँडिक कथेत अज्ञानी तरुणाने व्हेलच्या हाडावर चुकीची अक्षरे कोरल्यामुळे एक मुलगी आजारी पडते; एगिल ती खरवडून जाळतो व नवी कोरतो. परंतु हा मंत्रप्रयोग होय. मंत्राने घटना घडवून आणणे आणि कौलाने ती आधी जाणून घेणे या दोन भिन्न क्रिया आहेत. पहिलीचा पुरावा दुसरीसाठी वापरला गेल्यामुळेच बराचसा घोटाळा निर्माण झालेला दिसतो.

प्रचलित पद्धतीचा उगम अर्वाचीन आहे. ऑस्ट्रियन लेखक गीडो फॉन लिस्ट याने १९०८ मध्ये अठरा अक्षरांची एक गूढ मालिका प्रसिद्ध केली. तिच्यातील विजयदर्शक चिन्ह पुढे नाझींच्या एस. एस. संघटनेने स्वीकारले. १९८२ मध्ये अमेरिकन लेखक राल्फ ब्लम याने चोवीस अक्षरांना पंचविसाव्या कोऱ्या सोंगटीची जोड दिली. प्राचीन वर्णमालेत या कोऱ्या सोंगटीला आधार नाही.

सारांश, जर्मानिक लोक कौल लावीत आणि ते रून लिपी वापरीत, ही दोन्ही विधाने साधार आहेत. त्यांना जोडणारा दुवा मात्र साधनांत आढळत नाही. तो दुवा कल्पनेने पुरविला की लिस्टसारख्या लेखकाच्या कल्पितालाही प्राचीन परंपरेचा मान मिळतो, आणि त्या मानाचा राजकीय उपयोग कसा होतो, हे विसाव्या शतकाने दाखवून दिले आहे.