इंग्रजी शब्दातील आघात

* आघात : इंग्रजी शब्दातल्या एका अवयवावर (सिलेबलवर) पडणारा जोर. तो अवयव अधिक ठसठशीत, लांब आणि बहुधा चढ्या सुरात उच्चारला जातो. उरलेल्यांतले स्वर आखडून बऱ्याचदा नुसत्या 'अ'सारखे होतात. 'फोटोग्राफ'मध्ये जोर 'फो'वर आहे. 'फोटोग्राफर' म्हणताना तो दुसऱ्या अवयवावर सरकतो आणि उच्चार जवळजवळ 'फटॉग्रफर' असा ऐकू येतो. 'फोटोग्राफिक'मध्ये तोच जोर 'ग्रॅ'वर जातो. 'रेकॉर्ड' हे नाम असेल तर जोर पहिल्या अवयवावर, क्रियापद असेल तर दुसऱ्यावर. मराठीत जोराची जागा बदलून शब्दाचा अर्थ बदलत नाही. त्यामुळे इंग्रजी बोलतानाही आपण सगळे अवयव सारख्याच वजनाने उच्चारतो, आणि 'हॉटेल'चा जोर 'टेल'वर आहे हे कानांना जाणवतही नाही. आपल्या शाळांत स्पेलिंग घोकून घेतात, आघात मात्र शिकवत नाहीत. ही उणीव मोठी आहे. ती भरून काढायला ध्वनिशास्त्रज्ञ डॅनियल जोन्स यांचा इंग्रजी उच्चारकोश उपयोगी पडतो; तो १९१७ मध्ये निघाला. त्याच्या आजच्या आवृत्त्यांत आघाताच्या अवयवाआधी वरच्या अंगाला छोटी उभी रेघ असते. नवा शब्द पाहताना वाचकांनी आधी ती रेघ शोधावी. — संपा.