उच्च-कंप्रता वायुवीजन : फुप्फुसातील वायुविनिमय

अतिशय लहान श्वास फार जलद देऊन रक्तातील वायूंची देवघेव चालू ठेवण्याची कृत्रिम श्वसनाची पद्धती. हिच्या आंदोलक प्रकारात सेकंदास साधारणतः ३ ते १५, म्हणजे मिनिटास १८० ते ९०० आंदोलने दिली जातात आणि उच्छ्वासाची हवाही यंत्रच ओढून घेते. जेट हा दुसरा प्रकार होय.

श्वासमार्गाच्या ज्या भागात वायुविनिमय होत नाही त्यास मृत अवकाश म्हणतात. प्रौढात तो सु. १५० मिलि. असतो. त्याहून लहान श्वासाने ताजी हवा वायुकोशांपर्यंत पोहोचू नये, असे साध्या हिशेबाने ठरते. तथापि यँडेल हेंडरसन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९१५ मध्ये काचेच्या नळीत धूर फुंकून दाखविले की, धुराची अणकुचीदार धार मधून पुढे घुसते आणि फुंकर थांबताच मोडून नळीभर मिसळते. धापा टाकणाऱ्या कुत्र्याच्या श्वसनाचा उलगडा त्यांना यातूनच मिळाला.

एच. के. चँग यांनी १९८४ मध्ये केलेल्या मांडणीनुसार वायुवहन अनेक मार्गांनी होते. तोंडाजवळच्या वायुकोशांपर्यंत हवा थेट प्रवाहाने जाते. शेजारच्या ज्या कोशसमूहांचा भरण्या-रिकामे होण्याचा वेग भिन्न असतो, ते एकमेकांत हवा लोटतात (दोलायमान वायू). आत जाणारा प्रवाह मध्यभागी टोकदार व बाहेर येणारा सपाट असल्याने ताजी हवा मधून आत सरकते आणि वापरलेली कडेने बाहेर येते. प्रवाहाच्या वेगातील फरक व आडवे विसरण मिळून वायू नळीच्या लांबीत पसरतो. हे टेलर अपस्करण होय. अखेरच्या टप्प्यात, वायुकोशांत, केवळ रेणूंचे विसरण उरते. हृदयाच्या ठोक्यांनीही थोडे मिश्रण होते. यांपैकी कोणाचा वाटा किती, हे फुप्फुसाच्या स्थितीनुसार बदलते.

कार्बन डाय-ऑक्साइडचे निष्कासन स्थूलमानाने कंप्रता गुणिले श्वासाच्या आकारमानाचा वर्ग या प्रमाणात असते. म्हणून आकारमान दुप्पट झाल्यास ते चौपट होते. आंदोलक यंत्रात कंप्रता कमी केली की प्रत्येक आंदोलनास अधिक वेळ मिळून आकारमान वाढते व कार्बन डाय-ऑक्साइड अधिक निघतो. नेहमीच्या व्हेंटिलेटरच्या हे नेमके उलट आहे. ऑक्सिजनचा पुरवठा मात्र वायुकोश उघडे ठेवणाऱ्या सरासरी दाबावर व हवेतील ऑक्सिजनच्या प्रमाणावर अवलंबून असतो.

प्रौढांच्या तीव्र श्वसनविकारात २०१३ च्या दोन मोठ्या चाचण्यांपैकी ‘ऑस्कर’मध्ये लाभ आढळला नाही, तर ‘ऑसिलेट’ अधिक मृत्यूंमुळे लवकर थांबविण्यात आली.

नवजातात ही पद्धती प्रचलित आहे. तेथे छातीपासून पोटापर्यंत दिसणारी थरथर श्वासाच्या आकारमानाची ढोबळ खूण मानतात. ती एकाएकी मंदावल्यास नळीत स्राव अडकल्याचा किंवा नळी सरकल्याचा संशय घेतला जातो. कार्बन डाय-ऑक्साइड फार वेगाने घटल्यास अपुऱ्या दिवसांच्या बाळाच्या मेंदूचा रक्तपुरवठा कमी होऊन इजा होऊ शकते. यास्तव यंत्राच्या प्रत्येक बदलानंतर रक्तातील त्याचे मापन आवश्यक ठरते.