‘सहानुभूती’पासून ‘युग्मना’पर्यंत

1665 च्या फेब्रुवारी महिन्यात क्रिस्तियान हायगेन्स हा डच शास्त्रज्ञ हेग येथे आजारामुळे अंथरुणाला खिळून होता. त्याने तयार करविलेली दोन लंबकाची घड्याळे त्याच्या समोर एकाच आधारावर टांगलेली होती. त्यांचे लंबक एकाच तालात, परंतु नेमके परस्परविरुद्ध दिशांना हेलकावे घेत आहेत, असे त्याच्या ध्यानात आले. हा ताल त्याने मुद्दाम मोडून पाहिला. तेव्हा सुमारे अर्ध्या तासात तो पुनश्च प्रस्थापित झाला. ही घड्याळे समुद्रावर रेखांश ठरविण्यासाठी योजलेली होती. ज्या यंत्रावर शेजारच्या यंत्राचा एवढा प्रभाव पडतो, त्याच्यावर खलाशाने कितपत विसंबावे, हा प्रश्न त्यामुळे साहजिकच उपस्थित होतो.

हायगेन्सने ह्या प्रकाराला ‘सहानुभूती’ म्हटले, व भाषेच्या अभ्यासकाने येथेच थांबावयास हवे. त्या काळी ह्या शब्दाने दोन वस्तूंमधील गूढ आकर्षणाचा बोध होत असे. केनेल्म डिग्बी ह्याने ज्या चूर्णाने दुरूनही जखम बरी होते असे 1658 मध्ये प्रतिपादिले, ते ‘सहानुभूतीचे चूर्ण’च होय! हायगेन्सने शब्द जुना घेतला, पण त्यातील गूढ मात्र टाकून दिले. प्रथम त्याला हवेच्या हालचालीचा संशय आला. पुढे घड्याळांचा सामाईक आधार काढून घेतला असता मेळ नाहीसा होतो असे दिसल्यावर, आधाराची अतिसूक्ष्म हालचाल हेच कारण असल्याचा निर्णय त्याने केला. लंबकाच्या घड्याळांवरील त्याच्या 1673 च्या ग्रंथात हा वृत्तान्त आला आहे.

आजचा ‘कपलिंग’ हा शब्द लॅटिन ‘कोप्युला’, म्हणजे बंधन, ह्यापासून फ्रेंचमार्गे आला. पाश्चात्य व्याकरणात उद्देश्य व विधेय जोडणाऱ्या क्रियापदालाही ‘कोप्युला’च म्हणतात. दोन्ही ठिकाणी जोडणारे तिसरे काही असते. यंत्रशास्त्रात हे तिसरे उघड दिसते: रॉबर्ट हूकने 1676 मध्ये वर्णिलेल्या सांध्याने कोनात असलेले दोन दंड जोडता येतात, मात्र एक दंड समवेगाने फिरत असता दुसऱ्याचा वेग प्रत्येक फेऱ्यात कमीअधिक होतो. सांधा हा निव्वळ निरोप्या नव्हे.

2002 मध्ये अमेरिकेतील जॉर्जिया येथील संशोधकांनी हायगेन्सच्या प्रयोगाची पुनरावृत्ती केली. लंबक विरुद्ध दिशांना हलतात तेव्हा आधारावरील त्यांचे जोर एकमेकांना छेदतात व आधार जवळजवळ स्थिर राहतो. एकाच दिशेने हलू लागले की आधारही हलतो, ऊर्जा खर्ची पडते व ती गती विरून जाते. बंध फार क्षीण असल्यास मेळ बसत नाही. फार प्रबळ असल्यास एखादे घड्याळ बंदच पडते. म्हणजे बंधालाही स्वतःचे परिमाण असते.

मराठी परिभाषेतील ‘युग्मन’ हा शब्द मला म्हणूनच किंचित सदोष वाटतो. ‘युग्म’ म्हणजे जोडी. त्यात लक्ष जाते ते दोन घटकांकडे, मधल्या आधाराकडे नव्हे. शिवाय प्वांसोने 1803 मध्ये मांडलेल्या समान व विरुद्ध बलांच्या जोडीस आपण ‘बलयुग्म’ म्हणतो, त्यामुळे विद्यार्थ्याचा घोटाळा होतो तो वेगळाच. ‘अनुबंधन’ अधिक अन्वर्थक झाले असते. आगगाडीच्या डब्यांबाबत मात्र हा वाद उद्भवत नाही; तेथे आकडा डोळ्यांना दिसतो, आणि लोकांनी ‘कपलिंग’ हाच शब्द केव्हाच पत्करला आहे.