‘क्वेंट’ या शब्दाची कुळकथा

अमरावती जिल्ह्यातील नांदगाव खंडेश्वर या तालुक्याच्या गावी, ज्या देवावरून गावाच्या नावाला पुस्ती जोडली गेली त्या खंडेश्वराच्या हेमाडपंती मंदिरासमोर उभा राहणारा इंग्रजी शिकलेला प्रवासी हटकून जे विशेषण उच्चारील, ते ‘क्वेंट’ होय. जुनेपणाची मोहिनी आणि किंचित विक्षिप्तपणा ही दोन्ही त्या एका शब्दात नांदतात, व मराठीत ती एकत्र आणताना भाषांतरकाराची तारांबळ उडते. ‘पुरातन’मध्ये लाडापेक्षा आदर अधिक, ‘जुनाट’मध्ये उघड हेटाळणी, आणि ‘टुमदार’ तर काल बांधलेल्या बंगलीलाही शोभते.

या शब्दाचा मूळ पुरुष लॅटिन ‘कॉग्निटुस’, म्हणजे जाणलेला. ज्या आदिम धातूपासून संस्कृतात ‘ज्ञात’ व मराठीत ‘जाणता’ निपजला, त्याच धातूचा हा दूरचा भाऊबंद. जुन्या फ्रेंचमध्ये तो चतुर, चाणाक्ष, नेटक्या माणसाला लागू लागला, आणि आमच्याकडे देवगिरीच्या यादवांचा अंमल चालू असताना, तेराव्या शतकात, इंग्रजीच्या दफ्तरात दाखल झाला. पुढे माणसाची चतुराई त्याच्या कारागिरीकडे वर्ग झाली. कारागिरीतील कुसर लोकांना चमत्कारिक वाटू लागली. आणि अठराव्या शतकाच्या अखेरीस त्या चमत्कारिकपणालाच जुन्या काळाची गोडी चढली. जाणलेला तो अनोळखी झाला, आणि अनोळखी झाल्यावर आवडू लागला. आमचा ‘जुना’ मात्र संस्कृत ‘जीर्ण’पासून प्राकृत ‘जुण्ण’च्या वाटेने आला, त्याच्या कुळातच झीज आहे, म्हणून देवळाच्या डागडुजीलाही आम्ही ‘जीर्णोद्धार’ म्हणतो.

‘हेमाडपंती’ची मिरासही अशीच फसवी. यादव महादेवाचा (१२६१–१२७१) श्रीकरणाधिप हेमाद्री याच्या नावावर ही शैली चढली खरी, पण अंबरनाथचे शिवमंदिर १०६० मधले, म्हणजे त्याच्या दोन शतके आधीचे. तरीही काळ्या दगडाचे कोणतेही जुने देऊळ दिसले की लोक ते बिनदिक्कत त्याच्याच खाती जमा करतात.

चुन्याचा थर न देता खाचेत खाच बसवून असे दगड उभे करणाऱ्या पाथरवटाला तेराव्या शतकातल्या इंग्रजाने ‘क्वेंट’ म्हटले असते, ते त्याच्या हातोटीला. आजचा प्रवासी म्हणतो, ते त्याच्या देवळाला.