पट्टा, पुली आणि सरळ रेषा

जुन्या गाडीचा फॅन बेल्ट वर्षातून तिसऱ्यांदा तुटला, की आपण बेल्टच्या नावाने बोटं मोडतो. मी सॉफ्टवेअर लिहितो. सर्व्हर रीस्टार्ट करून बग गेला असं समजणारे आमच्याकडेही असतात. नुसता बेल्ट बदलणं त्यातलंच. खरा दोष बऱ्याचदा पुल्यांच्या रेषेत असतो आणि त्या रेषेचा इतिहास मोटारीपेक्षा जुना आहे.

१८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध चाललं. इंग्लंडच्या गिरण्यांना तिथला कापूस मिळेना आणि वऱ्हाडच्या कापसाला भाव आला. पुढच्या दशकांत या भागात वाफेवर चालणारे जिनिंग कारखाने उभे राहिले. वाशिम तेव्हा ‘बासीम’ नावाचा जिल्हा होता. १९०५ मध्ये तो मोडला, १९९८ मध्ये पुन्हा झाला. अशा कारखान्यात इंजिन एक, छताखाली लांब शाफ्ट आणि त्यावरून प्रत्येक यंत्राकडे उतरणारे सपाट पट्टे. पिठाच्या जुन्या गिरणीत तुम्ही असा पट्टा पाहिला असेल. त्याची पुली मध्यभागी किंचित फुगीर असते. पट्टा कडेला सरकू लागला, की फुगवटा त्याला परत मध्यावर आणतो. थोडी चूक खपून जाते.

१९१७ मध्ये अमेरिकेत जॉन गेट्सने रबराचा व्ही-बेल्ट आणला. तो खाचेत घट्ट बसतो, कमी जागेत जास्त ताकद ओढतो. पण पुली रेषेबाहेर असेल तर तो खाचेच्या भिंतीला घासत राहतो.

पुढची अडचण अल्टरनेटरने आणली. जुना डायनामो गाडी उभी असताना जेमतेम चार्जिंग करायचा. सिलिकॉन डायोड स्वस्त झाले आणि १९६० पासून अल्टरनेटर मोटारींत शिरला. एमजीबी ही ब्रिटिश स्पोर्ट्स कार १९६२ मध्ये डायनामो घेऊन आली. १९६७च्या अखेरीस तिला अल्टरनेटर मिळाला. आपल्या कुर्ल्यात बनलेल्या फियाट ११००मध्येही डायनामोच होता. अशा गाडीत नंतर अल्टरनेटर बसवला, की गोची होते. डायनामो लांबट, अल्टरनेटर आखूड आणि जाड. जुन्या ब्रॅकेटवर त्याची पुली पुढे तरी येते, मागे तरी जाते.

तपासणी सोपी आहे. इंजिन बंद करा. क्रँक, वॉटर पंप आणि अल्टरनेटर या तिन्ही पुल्यांवरून सरळ पट्टी किंवा ताणलेली दोरी धरा. पुल्यांच्या कडा कमी-जास्त जाड असतात, म्हणून माप खाचेच्या मध्यापासून घ्या. फरक अर्ध्या अंशाच्या आत हवा. ३० सेंटीमीटर अंतरावर तो जेमतेम अडीच मिलिमीटर भरतो. पुली समांतर पण पुढे-मागे असेल तर अल्टरनेटर आणि ब्रॅकेटच्या मध्ये वॉशर घालून किंवा काढून ती जुळते. तिरकी असेल तर ब्रॅकेट वाकलाय किंवा बुश झिजलाय. बेल्ट जास्त ताणून चिरचिर थांबवली तर पुढे बेअरिंग जातं.

या गाड्यांत तोच एक बेल्ट वॉटर पंपही फिरवतो. मे महिन्यात वाशिम-कारंजा रस्त्यावर तो तुटला, तर चार्जिंग थांबतंच, वर काही मिनिटांत इंजिन तापतं. नव्या गाड्यांत बरेचदा बेल्टचा ताण आपोआप राखला जातो, त्यामुळे दोरी धरायची वेळ सहसा येत नाही. घरात आजोबांची पद्मिनी उभी असेल, तर ही दहा मिनिटांची तपासणी शिकून घ्या.